परक्याच्या मातीला

सहावीच्या वर्गात मी फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होते, आणि मागच्या मुलींची कुजबुज एकदम थांबली. वळून पाहिलं तर दारात पोलीस उभा.

"आढावबाई तुम्हीच ना?" त्यानं टोपी काढून बगलेत धरली. "मी गुट्टे जमादार. जरा बाहेर येता का?"

व्हरांड्यात ऊन आलं होतं. एप्रिल महिना, सकाळची शाळा. जमादार पन्नाशीचे असतील. मला बोलावून घेतलं खरं, पण बोलायला कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचेना.

"बाई, राग मानू नका. तुम्ही ख्रिश्चन हैत, असं हेडमास्तर म्हणाले."

"हो."

"मग तुम्हीच सांगा आता. दवाखान्यात एक माणूस वारलाय. परवा दक्षिणेकडून आलेल्या रेल्वेतून उतरवला होता, तापानं फणफणलेला. कुठला, कोण, काही पत्ता नाही. भाषा कुणाला कळली नाही. काल सकाळी गेला. गळ्यात हे होतं."

त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस होता. घामानं आणि हातानं गुळगुळीत झालेला.

"बेवारस म्हणून आम्ही लावून टाकतो विल्हेवाट. पण हे पाहिलं आणि म्हटलं, तुमच्यात जाळत नाहीत. पुरताना काहीतरी म्हणतात ना? चुकीचं काही व्हायला नको. माणूस आहे शेवटी."

"परभणीला चर्च आहे. तिथले पाळकसाहेब येतील."

"कालच वायरलेस केला होता. ते गावाला गेलेत, पुढल्या आठवड्यात येणार. आणि आपल्या दवाखान्यात बर्फ नाही, बाई."

वर्गात मुली दाराशी येऊन कान देत होत्या.

"मी पाळक नाही हो," मी म्हटलं. "मला काही येत नाही त्यातलं."

"असू द्या. जे येतं ते म्हणा. अहो, गावात दुसरं कुणी नाही तुमच्यातलं."

हे मात्र खरं होतं. त्या गावात मला येऊन दोन वर्षं होत आली होती आणि माझ्या लोकांतलं तिथं दुसरं कुणीही नव्हतं. शाळेच्या कागदांपलीकडं ते कुणाला माहीतही नव्हतं, कारण आढाव हे आडनाव कुणाचंही असतं. मी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, एवढंच.

मला येत नाही, असं मी म्हणाले ते मात्र खरं नव्हतं. मला सगळं येत होतं.

माझी आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. वडिलांनी दुसरं लग्न करून पुण्याला संसार थाटला. मला वाढवलं ते आबा-आजीनं, प्रवरेकाठच्या आमच्या गावात. आबांचं नाव शिमोन. गाव त्यांना शिमनबाबा म्हणायचं. ते सुतार होते. औतं भरायचे, खाटा करायचे, आणि आसपासच्या कुठल्याही वस्तीवर ख्रिस्ती माणूस वारला की त्याची पेटी करायचे. पेटी तयार झाली की आजी तिला आतून पांढरं कापड लावायची. मग दोघं पेटीबरोबर बैलगाडीत बसून जायची आणि मला घरी ठेवायला कुणी नसल्यामुळं मीही जायची. इतर मुलांनी लग्नं बघितली तशा मी मयती बघितल्या.

आजी तिथं रडत बसायची नाही. पदर खोचून पाणी तापवायची, मयताला आंघोळ घालायची, त्या घरातल्या लहान लेकरांना भाकरी करून घालायची. एकदा मी विचारलं, "आजी, तुला रडू येत नाही का?" ती म्हणाली, "रडायला माणसं असतात तिथं. आपण कामाला जायचं."

पाळकसाहेब पुस्तकातून प्रार्थना वाचायचे. लांबच्या वस्तीवर पाळक पोचले नाहीत तर आबा म्हणायचे. त्यांना वाचता जेमतेम यायचं. ते पटका काढून हातात घ्यायचे आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसं देवाशी बोलायचे. देवाला ते 'मालक' म्हणायचे. एका पाळकांनी त्यांना त्यावरून समजही दिली होती, की शिमोन, प्रार्थनेला काही रीत असते. आबांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच बोलले.

जेवणाआधीची त्यांची प्रार्थना तर एका ओळीची होती. ताटावर हात जोडून म्हणायचे, "मालका, आज जो एकटा जेवतोय त्याच्यापाशी जाऊन बस." मग आम्ही दोघी आमेन म्हणायचो आणि जेवायला लागायचो.

नोकरी लागून मी या गावात आले. देशमुखांच्या वाड्यामागची एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी केली, ताट वाढून घेतलं, हात जोडले, आणि माझ्या लक्षात आलं की लहानपणापासून मी ज्याच्यासाठी आमेन म्हणत आले होते, तो माणूस आता मीच आहे. तरीही मी रोज ते वाक्य म्हणत राहिले. गावी आजी-आबाही तेच म्हणत असतील, एवढा आधार होता.

मग आजी गेली. तिच्या मातीला मी होते. तिच्यामागं वर्षाच्या आत आबा गेले. त्यांच्या वेळी पाऊस मातला होता, तार उशिरा पोचली, पुलावरून पाणी वाहत होतं. मी गावात पोचले तेव्हा ओल्या मातीचा उंचवटा तेवढा राहिला होता. शेजारच्या काकूंनी सांगितलं, सगळं रीतसर झालं, पाळकसाहेबांनी छान वाचलं. मी तिथं उभी राहिले आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. रागही नव्हता आणि रडूही नव्हतं. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरड्या तळाला जाऊन आपटावा, तसं झालं होतं. परत आल्यावर ताटावरची प्रार्थनाही बंद पडली. मी ती बंद केली नाही, ती येईनाशी झाली. रविवार आले आणि गेले. खोली झाडायची, कपडे धुवायचे, वह्या तपासायच्या. कधी कधी शनिवारी शाळा सुटल्यापासून सोमवारी शाळा भरेपर्यंत मी एका माणसाशीही बोललेली नसायची.

जमादार अजून उभेच होते.

"शाळा सुटल्यावर येते," मी म्हटलं. "आणि कापड लागेल. पांढरं, नवं. कोरं मांजरपाट चालेल."

"आणतो."

"पाणीही ठेवायला सांगा. तापवून."

"पाणी कशाला?"

"आंघोळ घालावी लागेल."

ते माझ्याकडं बघत राहिले. मलाही माझा आवाज ओळखीचा वाटला नाही. तो आजीचा होता.

सरकारी दवाखान्याच्या मागं पत्र्याची एक खोली होती. दाराशी झाडूवाली बाई बसली होती. मला बघून उठली. उंच, सडसडीत, चाळिशीच्या आसपासची.

"मी सोजरबाई," ती म्हणाली. "पानी तापवून ठिवलंय. जमादार म्हनले, बाई येनार हायत."

आत वास होता. माझा पाय उंबऱ्यावर अडला. सोजरबाईनं ते पाहिलं. आधी आत गेली, खिडकीचं एक फळकूट ढकललं, आणि मग मी गेले.

माणूस साठीचा असेल. काळासावळा, दाढीचे पांढरे खुंट, हाताला घट्टे. पायाला भेगा होत्या. कष्टाचा माणूस. मी पदर खोचला. आधी चेहरा, मग हात, मग पाय. आजीचा क्रम हाच असायचा. सोजरबाई पाणी ओतत होती, मी फडक्यानं पुसत होते.

"तुम्ही होतात का, हे गेले तेव्हा?" मी विचारलं.

"व्हते की. रातभर व्हते. नर्सबाईकडं दुसऱ्या बाईचं बाळंतपन आलं, मग मीच बसले."

"काही बोलले का?"

"लई बोलला. पर कळंना काय. कोनाला तरी हाक मारायचा. मी आपली 'ओ' द्यायची."

"तुम्ही ओ दिली?"

"मंग? एवढा हाका मारून ऱ्हायला, कोनीच ओ देऊ नये का?"

मी हातातलं फडकं पिळलं.

जमादारांनी मांजरपाट आणलं होतं. कैची नव्हती. सोजरबाईनं दातानं कड तोडली आणि आम्ही दोघींनी मिळून ते फाडलं. गुंडाळताना जमादार दाराशी आले. हातात तो क्रूस.

"हे मुद्देमालात धरायचं म्हणतात," ते म्हणाले. "पण मी काही धरत नाही. कुठं ठेवायचं?"

"गळ्यात. जिथं होतं तिथंच."

त्यांनी स्वतः वाकून तो दोरा त्या माणसाच्या गळ्यात घातला आणि गाठ मारली.

नाल्यापलीकडं नगरपालिकेची एक मोकळी जागा होती. बेवारस माणसांना तिथंच पुरायचे. बाभळी, खडकाळ माती, शेळ्यांच्या वाटा. दोन गड्यांनी खड्डा खणून ठेवला होता. हातगाडीवरून त्याला नेलं. ऊन उतरू लागलं होतं, पण जमीन भाजत होती. आम्ही पाचजण होतो. मी, जमादार, दोन गडी, आणि थोडं मागं, बाभळीपाशी सोजरबाई.

दोरांनी त्याला खाली सोडलं. मग सगळे माझ्याकडं बघू लागले. जमादारांनी टोपी काढली. ते बघून गड्यांनीही डोक्यावरचे रुमाल काढले.

मी पाळकसाहेबांचे शब्द आठवू लागले. इतक्या मयतींत ऐकलेले, पाठ असलेले शब्द. एकही सापडेना. ऊन डोळ्यांत जात होतं. एका गड्यानं पायानं ढेकूळ सरकवलं, ते खाली पडल्याचा आवाज आला. मी तोंड उघडलं आणि बोलायला लागले. शब्द आबांचे होते, बोलीसुद्धा त्यांचीच.

"मालका, हा गडी तुझ्याकडं निघालाय. लांबून आलाय, दमलाय. त्याला पाणी दे, टेकायला जागा दे. त्याचं काही चुकलं असंल तर ते तुमचं तुम्ही दोघं बघा, आम्हाला ऐकवू नको. त्याच्या घरी कोण वाट बघत असंल, त्यांना धीर दे. आम्ही त्याला हितवर आणून सोडलाय. हितून पुढं तुझं काम. आमेन."

मग जमादार घसा खाकरून म्हणाले, "हां. आमेन." गडीही म्हणाले. मी पहिली मूठ टाकली, मग त्यांनी टाकली. रडू आलं, पण ते मातीच्या आवाजात कुणाला कळलं नसावं. आबांच्या थडग्यावर म्हणायचं होतं ते मी या परक्या माणसावर म्हटलं होतं. त्याला माझी भाषा कळली नसती. कळली असती तरी त्यानं हरकत घेतली नसती, असं मला वाटलं.

त्या माणसाची चौकशी करत पुढं कधीच कुणी आलं नाही. जमादारांनी दक्षिणेकडच्या चार-दोन ठाण्यांना कळवलं होतं, उत्तर आलं नाही. मी त्या गावात बरीच वर्षं राहिले. गुट्टे जमादार निवृत्त झाले, तरी ठाण्यातून मला बोलावणी येत राहिली आणि ती केवळ ख्रिस्ती माणसासाठी नव्हती. कुणी मागं नसलेला माणूस गेला की 'आढावबाईंना सांगा' असं म्हणायचे. मी पदर खोचून जायची. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीची गोष्ट अजून संपायची होती.

माती लोटून झाली. जमादारांनी मला हात जोडले, "उपकार झाले, बाई," म्हणाले, आणि सायकल हातात धरून निघाले. गडी फावडी धुवायला नाल्यात उतरले. मी चपला पायात सरकवत होते. सोजरबाई अजून बाभळीपाशीच उभी होती.

"येताय ना?" मी विचारलं. "बरोबरच जाऊ."

ती जागची हलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, हितं माजं लेकरू हाय."

मला आधी कळलंच नाही. "कुठं?"

ती चालू लागली. तीन-चार बाभळी ओलांडून, एका निवडुंगाला वळसा घालून एका जागी थांबली. तिथं खूण नव्हती, दगड नव्हता. बाकीच्या जमिनीसारखीच जमीन. पण ती शोधत गेली नाही, घरातल्या घरात जावं तशी सरळ गेली.

"पोरगी व्हती," ती म्हणाली. "रडलीच न्हाई. दीर फडक्यात गुंडाळून घेऊन आला. मला येऊ दिलं न्हाई, वली बाळंतीन म्हनून. मागनं त्यानं जागा दावली."

"कधीची गोष्ट?"

"माज्या थोरल्याच्या आदी. त्येला आता मिशा फुटल्यात." ती खाली बघत होती. "कोनी कायबी म्हनलं न्हवतं तवा. दीर म्हनला, माती लोटली अन् आलो. तुमी त्या मानसासाटी बोलला, तसं हिच्यासाटी बोलता का?"

मी गोंधळले. "सोजरबाई, मी आमच्या देवाचं नाव घेणार. तुम्हाला चालेल का?"

"मला काय इचारता? त्येला चालतंय का बगा."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. पुन्हा तेच शब्द सुरू केले. मालका, ही पोर तुझ्याकडं आलीय. पण पुढचं जुळेना. ती लांबून आलेली नव्हती, दमलेली नव्हती. तिच्या हातून चुकायला तिला वेळच मिळाला नव्हता. एकेक वाक्य मी गिळत गेले आणि पाणी दे, जागा दे, एवढंच उरलं. "आमेन," मी म्हटलं.

सोजरबाई तशीच उभी.

"झालं?"

"हो."

"अजून थोडं म्हना की, बाई." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "लई दिसाची थांबलीय ती."

माझ्याकडं अजून काही नव्हतं. आबांचे शब्द तिथं संपत होते. इतकी वर्षं मी देवाशी जे काही बोलले होते ते सगळं त्यांचंच होतं. त्यांची वाक्यं, त्यांचा मालक. ते गेले तेव्हा माझी प्रार्थना का आटली, ते मला त्या उन्हात, त्या निवडुंगापाशी कळलं. मी आजवर फक्त आमेन म्हणत आले होते.

मी खाली बसले. जमीन अजून तापलेली होती. सोजरबाईही बसली.

"देवा," मी म्हटलं. मालका हा शब्द तोंडात आलाच नाही. "ही सोजरबाईची मुलगी आहे. सोजरबाईला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. तू बघितलं असशील. ती कशी दिसते, ते हिला कुणी सांगितलं नाही."

"जावळ लई व्हतं," शेजारून हळूच आवाज आला. "दीर म्हनला व्हता. लई दाट."

"तिला जावळ आहे, दाट," मी म्हटलं. "ते कुणाकडून तरी विंचरून घे. तिची आई रात्ररात्र परक्या माणसांपाशी बसते. तिच्यापाशी कोण बसतं, मला माहीत नाही. माझे आबा गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. या गावात मला बोलायला कुणी नाही. तुझ्याशी काय बोलायचं तेही मला ठाऊक नाही, पण ही बाई म्हणतेय, अजून थोडं म्हण…"

पुढचं वाक्य येईना.

सोजरबाईनं एक हात जमिनीवर ठेवला होता. लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा, पसरून.

"तिला उनाचं ठिवू नगस," ती म्हणाली. "आमच्या घरात समद्यांची कातडी पातळ हाय. लगीच लाल व्हते. अन् हाक मारली की ओ देती का बग. मी नाव ठिवलं व्हतं मनात, कोनाला सांगितलं न्हाई…"

ती माझ्याशी बोलत नव्हती. मी डोळे पुसले आणि गप्प बसून राहिले. तिला खूप बोलायचं होतं.